गोमाजीचा 'मी'

नाही, खणू नये असं माझं म्हणणंच नाही! खणा! डोंगराच्या अंगाला घर बांधलं म्हटल्यावर कधी ना कधी कुणीतरी काहीतरी खणणारच… पण भरदुपारी, पावसात, मालकाला न विचारता, घरामागचा बांध खणायचा? ज्या बांधानं अख्खा उतार धरून ठेवलाय तोच? आणि मी इकडे घसा फोडून ओरडतोय, "अरे गोमाजी, घर खाली येईल, घर!" तर तो मान वळवून, अगदी शांतपणे मला म्हणतो, "गप ऱ्हावा साहेब, आवाज ऐकू येत नाय." मला गप राहा! माझ्याच परसात! आणि आवाज कसला? तर मातीतला! तुम्हाला सांगतो, माझे केस उभे राहिले… आता केस किती ते तुम्ही बघताच आहात, पण जेवढे होते तेवढे उभे राहिले.

आणि हे सगळं कशामुळे? एका सर्वनामामुळे! हसा, हसा. मीसुद्धा हसत होतो.

त्याचं काय आहे, मी महाडच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत, सेफ्टीला होतो. जन्म गेला सायरन ऐकण्यात. वास आला की कुठला व्हॉल्व्ह, आवाज आला की कुठलं बेअरिंग… प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते कारण बहुतेक गंजलेलं असतं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. रिटायर झालो. महाडातलं घर तळमजल्यावर, पावसाळ्यात सावित्री नदी कधी उंबऱ्यापाशी येऊन उभी राहील त्याचा नेम नाही, म्हणून पोलादपूरच्या वरच्या अंगाला दोन खोल्या आणि पडवी बांधली. बायको विनोदिनी, शाळेत मराठी शिकवायची. जगातली एकमेव बाई, जी माझ्या बोललेल्या वाक्यातलंसुद्धा शुद्धलेखन सुधारते! आणि आमची एकुलती एक वल्लरी.

लोकांच्या मुली काय काय करतात हो! कुणी बँकेत, कुणी अमेरिकेत. आमची पुण्याला पीएचडी करते. कशावर? तर रशियन, पोलिश, सर्बियन असल्या सगळ्या भाषांची म्हणे एक आई होती, आदिस्लाव म्हणून. ती आई वारली, दीड हजार वर्षांपूर्वी, काहीही लिहून न ठेवता. तर त्या आईच्या भाषेतलं एक सर्वनाम. एक! अख्खी भाषा नाही, एक सर्वनाम! आणि तेसुद्धा कुठलं? 'मी'! आमचे शेजारी विचारतात, "काय करते वल्लरी?" म्हटलं, "पीएचडी." "कशात?" "'मी'त." "तुमच्यात?" "माझ्यात नाही हो…" आता ह्याला काय समजावणार? जाऊ दे, मला काय करायचंय!

तर ही पोरगी पावसाळ्यात इथे येऊन राहिली. तिला तिच्या विभागात ती रूपं बोलून दाखवायची होती, रेकॉर्ड करून. दुपारची जेवणं झाली की मागच्या खोलीत बसायची आणि चालू, "आझु… मेने… म्ने… मेन… म्नोयान…" बाहेर धुकं असं, की हात लांब केला तर स्वतःची बोटं अंधुक दिसावीत, आणि आतून हे! मी म्हटलं, "अगं, हे खरंच असं बोलत होते का?" तर म्हणते, "कुणी ऐकलंय बाबा? नातवंडांची नाकं बघून पणजोबाचं नाक काढायचं, तसं आहे हे. म्हणून लिहिताना ह्या शब्दांच्या आधी एक तारा काढतात. तारा म्हणजे, असा शब्द असावा. पण साक्षीदार नाही."

साक्षीदार नाही! आमच्या सेफ्टीत साक्षीदार नसला की रिपोर्टच पुढे जात नाही!

आणि गंमत ऐका. म्हणते, "बाबा, 'मी'ची सगळी रूपं 'म'ची. मला, माझं, माझ्याकडून. फक्त कर्ता तेवढा वेगळा. 'आझु'. आपल्या संस्कृतात अहं आणि मम, तसंच. करणारा एका घरचा आणि ज्याच्यावर गुदरतं तो दुसऱ्याच घरचा." विनोदिनी लगेच, "आणि मराठीत?" तर म्हणते, "मराठीत 'अहं' कधीच गेला. आपला 'मी' आला 'मया'वरून. मया म्हणजे माझ्याकडून." मी म्हटलं, "मराठी माणसातला अहं गेला? कधी गेला? तू तुझ्या आत्याला शेवटची कधी भेटलीस?"

असो. तर हे असं हसतखेळत चाललं होतं, तोवर एक दिवस जेवताना ही अशी घास हातात धरून बसली. "बाबा, गोमाजीकाका 'मी' म्हणत नाहीत."

गोमाजी म्हणजे आमच्या घराची राखण करणारा. तो आणि त्याची बायको ठमाबाई, दोघं शेजारच्याच खोलीत राहतात. डोंगरातली त्यांची वाडी दरडीखाली गेली, त्यानंतर ते इकडे आले. कामाला वाघ माणूस. बोलणं कमी. मी म्हटलं, "कमी बोलतो, म्हणून वाटतं तुला."

"कमी नाही, म्हणतच नाहीत. मला म्हणतात, माझं म्हणतात, माझ्यानं होत नाय म्हणतात. पण 'मी' नाही. तुम्ही कधी ऐकलंय?"

आता बघा हं. माणूस तीन पावसाळे आमच्याकडे. रोज बोलतो. "येतो साहेब." "जातो साहेब." "मला नको चाय." आपल्या भाषेत 'मी' न म्हणता जन्म काढता येतो, कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही! पण एकदा डोक्यात घुसलं की… संपलं! मी ठरवलं, काढतोच ह्याच्या तोंडून. फणस उतरवून ठेवलेला. म्हटलं, "वा! फणस कुणी उतरवला रे?"

"उतारलाय नव्हं साहेब."

"हो, पण कुणी?"

"ह्या हातांनी."

ह्या हातांनी! म्हटलं बरं. दुसऱ्या दिवशी दाराची कडी वाजली. मला माहीत होतं तोच आहे, तरी आतून ओरडलो, "कोण आहे?" आता जगातला कुठलाही माणूस दारात उभा राहून काय म्हणतो? काही उपयोग नसतो त्या उत्तराचा, पण म्हणतो की नाही? हा खोकला. परत विचारलं, "कोण?" परत खोकला. मी दार उघडलं. धुक्यात उभा, पागोळ्यांचं पाणी डोक्यावर पडतंय, आणि माझ्याकडे असा बघतोय… जसं काही मी त्याच्याकडे त्याची नसलेली वस्तू मागितली. तुम्हाला सांगतो, त्या नजरेनंतर मी तो खेळ बंद केला. म्हटलं, नाही म्हणत तर नाही म्हणत. मला काय करायचंय!

आणि मग ती दुपार.

वल्लरी मागच्या खोलीत. त्या आदिस्लावात 'मला' ह्याला दोन रूपं. एक धडधाकट, 'म्ने'. आणि दुसरं चिमुकलं, 'मि'. त्या 'मि'ला म्हणे स्वतःचा जोर नसतो, तो एकटा उभा राहू शकत नाही, आधीच्या शब्दाला टेकून राहतो. तो नेमका कसा उच्चारायचा, ह्याचा तिचा सराव चालला होता. खिडकी उघडी, खिडकीबाहेर बांध, बांधावर धुकं. आणि ही म्हणतेय, "मि… मि… मि…" हळू, मग जरा लांब, मग तुटक. मी पडवीत लवंडलेलो. मला आपला खण्ण आवाज आला. मग दुसरा. म्हटलं, कुठलं बेअरिंग? उठलो, मागे गेलो, तर… सांगितलं ना तुम्हाला! हा बांधाशी गुडघ्यावर, पिकावानं वरचे दगड उचकटलेले, आणि पिकाव टाकून आता हातांनी माती ओढतोय. हातांनी! बोटांतून रक्त येतंय. मध्येच थांबतो, कान मातीला लावतो, परत ओढतो. मी धावलो, ओरडलो, तर गप ऱ्हावा म्हणे!

आणि त्या क्षणी आतून, धुक्यातून, तोच आवाज आला, "मि…" आणि मलासुद्धा… मी सेफ्टीचा माणूस, मला माहीत आहे की आत माझी मुलगी बसलेली आहे… तरी मलासुद्धा तो मातीतूनच आल्यासारखा वाटला! बारीक, दबलेला, कुणालातरी टेकून उभा असल्यासारखा.

ठमाबाई धावत आली. नवऱ्याला बघितलं, आतला आवाज ऐकला, आणि मटकन बसली. मग मागोमाग आलेल्या विनोदिनीचा हात धरून म्हणाली, "बाई, त्या पोरीला गप करा गो! आधी गप करा!"

वल्लरी खिडकीत आलेलीच होती. गप्प झाली. आणि मग तिथेच, पागोळ्यांखाली, ठमाबाईनं सांगितलं. मी तिच्याच शब्दांत सांगतो, माझ्या शब्दांत मला जमणार नाही.

"दरड आली तवा घरात दोगं भाव व्हते. ह्यो आन् धाकला रामा. माज्या दिराचा आवाज आन् ह्याचा आवाज, यकच. माला सुदीक कळायचा नाय. मी तवा तुडीलला, म्हायेरी. वरच्या वाडीची माणसं आली, वरनं हाळी देत व्हती, कोण हाय रे, कोण हाय? तं खालनं आवाज आला, मी! परत हाळी दिली, परत आला, मी! त्या आवाजावर खणत गेली बिचारी. खणून काडला त्यो ह्यो निंगाला. सगली म्हनाली, गावला, गावला! आन् तवाच वरनं परत माती सुटली, तशी सगली पळाली. दवाखान्यात ह्यानं डोळं उगाडलं तवा यकच इचारला, रामा? तं लोकं म्हनाली, रामाचा आवाजच आला नाय, तूच येकटा वराडत व्हतास. बाई… ह्याच्या तोंडात माती व्हती. गच. ह्यो वराडलाच नव्हता!"

कळलं तुम्हाला? मला कळायला जरा वेळ लागला. 'मी' म्हणणारा रामा होता. त्याच्या 'मी'वर लोक खणत गेले आणि सापडला हा, न बोललेला. आवाज एक, शब्द एक, आणि त्या शब्दात नाव नाही. सर्वनाम! विनोदिनी पोरांना शिकवायची, सर्वनाम म्हणजे सगळ्यांचं नाव. सगळ्यांचं, म्हणून कुणाचंच नाही! रामानं नुसतं 'रामा' म्हटलं असतं तर…? पण ढिगाऱ्याखाली स्वतःचं नाव कोण घेतो हो? कुणी 'कोण?' विचारलं की तुम्ही काय म्हणता? तेच म्हणणार. त्याचा दोष नाही, खणणाऱ्यांचा नाही. दोष कुणाचाच नाही, हेच तर वाईट. कुणाचा असता तर मी रिपोर्ट लिहिला असता.

आणि तेव्हापासून ह्या माणसानं तो शब्द तोंडात घेतला नव्हता. रामाचा शब्द. ह्याला वाटायचं, एकदा त्याचा वापरून आपण वर आलो, आता परत नाही.

ठमाबाई बोलत होती तोवर हा खणतच होता. वल्लरी बाहेर आली. चप्पल नाही, छत्री नाही, सरळ त्या खड्ड्यात उतरली. मी म्हटलं, अगं बांध… पण विनोदिनीनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

"काका, तो आवाज माझा होता."

"नाय ताई. हितनं आला."

"काका, बघा." आणि तिनं ते म्हटलं. त्याच्या अगदी समोर, त्याच्याकडे बघत. "मि."

त्याचे हात थांबले. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "ह्ये काय हाय?"

"एका जुन्या भाषेतला शब्द. त्याचा अर्थ 'मला'."

"मला? काय मला?"

"नुसतं मला. एकटा येत नाही तो. मला द्या, मला सांगा…"

"मला काढा," गोमाजी म्हणाला.

मग त्यानं चेहऱ्यावरची माती पुसली, म्हणजे आणखी लावली, आणि विचारलं, "आन् 'मी'ला काय म्हनत्यात ती लोकं?" तो शब्द त्यानं असा उच्चारला, चिमट्यात धरून, लांबून, दुसऱ्याचा असल्यासारखा.

"आझु."

"कुटं असत्यात ती?"

"आता नाहीत, काका. कुणीच नाही उरलं."

"मंग त्यो शब्द कुणाचा?"

वल्लरी म्हणाली, "कुणाचाच नाही. रिकामा आहे."

"रिकामा हाय?" विचार केला त्यानं. खरंच केला. मग म्हणतो, "घेऊ?"

माझ्या मुलीनं पाच वर्षं त्या शब्दावर घालवली, पण इतक्या गंभीरपणे मान हलवताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. आणि हा खड्ड्यात उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "आझु गोमाजी." ठमाबाईनं पदर तोंडात कोंबला.

झालं! पुढचा आठवडाभर आमच्या घरात काय चाललं होतं, विचारू नका! "आझु येतो साहेब." "आझु दूध आनतो." "चाय आझु नाय घेत, मला पित्त हाय." तुम्हाला सांगतो, ज्या शब्दाला साक्षीदार नाही म्हणत होते, तो पोलादपूरच्या बाजारात मिरच्यांचा भाव करत होता! भाजीवाली विचारते, "ह्यो आझु कोण?" वल्लरी तिकडे हसतेय की रडतेय कळत नाही. मी म्हटलं, बोला बाबा, कुठल्याही भाषेत बोला. मला काय करायचंय!

पण मग एक दिवस सकाळीच पडवीत येऊन उभा राहिला. "साहेब, वाडीवर जायाचा हाय." दरड आल्यापासून तो तिकडे एकदाही गेला नव्हता. माझा गुडघा… माझ्या गुडघ्याचं मी तुम्हाला नंतर सांगतो. चंदूची जीप केली. मी, विनोदिनी, वल्लरी, गोमाजी. ठमाबाई नाही म्हणाली. ती म्हणाली, "माजा काय ऱ्हायलाय तितं?" आणि आत गेली.

रस्ता संपतो तिथून चालत. वाडी नाहीच. उतार आहे नुसता, हिरवागार, आणि त्यावर तेरडा फुललेला, गुलाबी, इथून तिथवर. इतकं सुंदर, की राग यावा. समोर खोल दरी, पलीकडे कातळाची भिंत, आणि मधे धुकं हळूहळू सरकतंय. आम्ही पोचलो का हे विचारायला चंदूनं खालून हॉर्न वाजवला. तो कातळावर आपटून परत आला, स्वच्छ. हे लक्षात ठेवा. मी सेफ्टीचा माणूस, मी लक्षात ठेवलं.

गोमाजी उताराच्या मधोमध गेला. मग दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्या माणसांनी त्या दिवशी दिली होती तशी हाळी दिली. "कोण हाय रे?"

काही नाही. आणि काही नाही म्हणजे काहीच नाही! हॉर्न परत आला होता, ही हाळी परत आली नाही! जशी काही जमिनीनं ऐकून घेतली.

त्यानं पुन्हा हात तोंडाशी नेले. आणि ओरडला… असा ओरडला, की त्याच्या मानेच्या शिरा मला लांबून दिसल्या… "रामा! मी… मी गोमाजी!"

ऐका आता. प्रतिध्वनी कसा येतो? शेपूट येते. शेवटचं अक्षर. 'माजी… जी…' असं यायला हवं. मी वाट बघत होतो. कातळाकडे बघत होतो. आणि आवाज आला. कातळाकडून नाही. खालून, तेरड्यातून म्हणा, धुक्यातून म्हणा. गोमाजीचाच आवाज, अगदी तोच. एकच अक्षर.

"मी."

वल्लरीनं माझा दंड धरला, अजून वळ आहे. विनोदिनी म्हणते, वाऱ्याचा आवाज होता. वारा नव्हता! मी विचारलं तिला, "वारा होता तर तू माझ्यामागे का येऊन उभी राहिलीस?" तर म्हणते, "तुमचा गुडघा दुखतो ना, आधाराला."

गोमाजी मात्र… त्यानं मान हलवली, कुणी हातात काही ठेवल्यावर आपण हलवतो तशी. आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दिला त्यानं परत."

आता ह्याला कुठलं बेअरिंग लावू? कुठला व्हॉल्व्ह? तुम्ही सांगा! मी महाडला जाऊन दोन-चार जुन्या इंजिनियरांना विचारलं. एक म्हणाला धुक्यामुळे, एक म्हणाला वय झालं. वल्लरीनं तो प्रसंग तिच्या प्रबंधात घातला नाही. म्हटलं, का गं? तर म्हणते, "बाबा, त्याला साक्षीदार आहेत."

आणि परत येताना जीपमध्ये… काय सांगू तुम्हाला! वर्षानुवर्षं तुंबलेलं पाणी सुटावं तसा तो माणूस सुटला! "मी आन् रामा नदीला गेल्तो… मी रामाला म्हनलं… रामानं माजी चड्डी पळवली, मी नागवा घरापत्तुर पळालो… मी, मी, मी…" हसतोय, रडतोय, परत हसतोय. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. परत मिटलं. परत उघडलं. वाक्य शिरवायला फटच नाही! पोलादपूर आलं, तो बोलतोय. घर आलं, तो बोलतोय. ठमाबाई दारात, तिला ढकलत आत नेत तो बोलतोय. विनोदिनी म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही इतका वेळ गप्प बसलात हो. पोरीला डॉक्टरेट मिळो न मिळो, ह्या एका कामाबद्दल मी तिला पेढे देणार."

तेव्हापासून रोज हेच. सकाळी चहाला येऊन बसतो, तो दिवेलागणीपर्यंत. रामा असा, रामा तसा, मी असा, मी तसा. मी नुसता हुं, हुं म्हणतो. सांगणार काय त्याला? गप्प बस? मी? त्याला?

आज तो ठमाबाईला घेऊन तुडीलला गेलाय, सासुरवाडीला. संध्याकाळच्या एसटीनं येईल. म्हणून तर तुम्हाला धरून बसवलंय… उठू नका हो, अजून गुडघ्याचं सांगायचं राहिलंय!